ज्याची जबानी कुणी घेतली नाही

हडपसरच्या पलीकडे, सासवडच्या वाटेच्या अंगाला असलेल्या फुरसुंगी नावाच्या गावाची महती पुण्यातल्या जाणत्या मंडळींना त्या गावच्या जमीनमहसुलाच्या कागदपत्रांवरून किंवा बाजारात येणाऱ्या भाजीपाल्यावरून कळली असेल. परंतु महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या मुलांना मात्र ते गाव ठाऊक झाले ते बनेश फेणे ह्या किडकिडीत मुलामुळे, ज्याला सारे जण फास्टर फेणे म्हणत आणि जो पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकत असताना चोर, अपहरणकर्ते आणि हेर ह्यांच्या मागे सायकल दामटीत असे. त्याचे जनक भास्कर रामचंद्र भागवत (1910–2001) हे ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणारे, मुलांसाठी 1951 साली ‘बालमित्र’ नावाचे मासिक काढणारे आणि मुलांशी मोठ्या माणसाच्या आढ्यतेने न बोलणारे लेखक होते. मराठी किशोरांसाठी रहस्यकथेचा जो घाट त्यांनी सिद्ध केला, तो इतका भक्कम ठरला, की पुढे दूरदर्शनवर सुमीत राघवनने आणि 2017 सालच्या चित्रपटात अमेय वाघने त्याच नायकाला पुन्हा उभे केले, आणि तरीही तो शिळा वाटला नाही.

ह्या घाटात वेगाला मोठा मान आहे. बन्याची बुद्धी त्याच्या पायांत आणि सायकलच्या चाकांत असते; उत्कंठा शिगेला पोचली, की त्याच्या जिभेतून ‘ट्टॉक्’ असा आवाज निघतो, आणि वाचणाऱ्या मुलाचे अर्धे अवधान त्या आवाजातच गुंतलेले असते. भागवतांनी बिपीन बुकलवार नावाचा एक पुस्तकवेडा नायकही निर्माण केला आणि सगळ्याच पराक्रमांना धावपळ लागत नाही हे दाखवून दिले, हे खरे. पण मुलांच्या मनावर राज्य केले ते फेण्यानेच. (आजच्या एखाद्या उत्साही समुपदेशकाच्या तावडीत हा एका जागी न बसणारा, जिभेने आवाज काढणारा मुलगा सापडला असता, तर त्याच्या नावाची केवढी जाड फाइल तयार झाली असती, ह्याची कल्पना करून मी अनेकदा मनाशी हसलो आहे. भागवतांनी त्याला कोणतेही निदान चिकटवले नाही, आणि आपणही चिकटवू नये.) प्रश्न निराळा आहे. ज्याला धावता येत नाही, ज्याला गर्दी सोसत नाही, ज्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव वाचता येत नाही, किंवा ज्याच्या तोंडून शब्दच फुटत नाहीत, असा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा रहस्यकथेचा नायक होऊ शकतो काय? आणि होऊ शकत असेल, तर पुण्यासारख्या शहरात, जिथे किशोरांची रहस्यकथाही नांदली आणि अशा मुलांच्या शाळाही नांदल्या, त्या दोघांची गाठ का पडली नाही?

शाळांची परंपरा इथे खरोखरच जुनी आहे. अंध मुलांच्या निवासी शाळेने पुण्यात स्वातंत्र्यापूर्वीच मूळ धरले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ‘कामायनी’ ही संस्था 1964 साली निघाली. आणि अपंग कल्याणाचे राज्याचे आयुक्तालय मुंबईत नसून ह्याच शहरात आहे. साहित्याने आणि चित्रपटाने ह्या मुलांकडे पाहिले नाही असेही नाही. 2004 सालच्या ‘श्वास’मध्ये दृष्टी गमावणार असलेला लहानगा परशा होता, 2014 सालच्या ‘यलो’मध्ये तर पुण्याच्याच जलतरणपटू गौरी गाडगीळ ह्यांनी स्वतःच्या जीवनावर बेतलेली भूमिका स्वतः केली. नसीमा हुरजूक ह्यांच्या ‘चाकाची खुर्ची’ ह्या आत्मकथनाला मराठी वाचकांनी मनापासून दाद दिली. परंतु ह्या साऱ्या कृतींचा रस एकच आहे: करुणेतून धैर्याकडे जाणारा. अपंग मुलाने आपल्या अपंगत्वावर मात करावी, प्रेक्षकांनी डोळे पुसावेत आणि टाळ्या वाजवाव्यात, हा त्यांचा प्रघात. त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे त्या मुलाच्या आयुष्यात त्याच्या अपंगत्वाखेरीज दुसरे काही घडतच नाही. त्याच्या शेजारी चोरी होत नाही, त्याला कुणाचा संशय येत नाही, आणि कुणाच्या खोटेपणाचा उलगडा करण्याचे काम त्याच्यावर कधी पडत नाही.

रहस्यकथेने ह्या बाबतीत इतरत्र बरीच मजल मारली, परंतु ती आडवाटेने. 1914 च्या सुमारास अर्नेस्ट ब्रामा ह्या इंग्रज लेखकाने मॅक्स कॅराडोस नावाचा अंध गुप्तहेर निर्माण केला आणि त्याच्या बोटांना असे सामर्थ्य बहाल केले, की वर्तमानपत्रातली छापील अक्षरे तो शाईच्या उठावावरून वाचू लागला! एक इंद्रिय गेले म्हणजे विधाता उरलेल्या इंद्रियांत दुप्पट माप घालतो, ही समजूत आपल्याकडच्या सूरदासांच्या आख्यायिकांइतकीच जुनी आहे, आणि तितकीच सोयीची; कारण तिच्यायोगे डोळस माणसाला अंधाविषयी आदर बाळगता येतो आणि त्याच्यासाठी काही करण्याची जबाबदारीही टळते. बंगालीत सुनील गंगोपाध्यायांनी आणलेला काकाबाबू हा त्या मानाने अधिक प्रामाणिक. एका पायाने अधू, कुबड्यांवर चालणारा हा पुराणवस्तुसंशोधक डोंगर चढताना खरोखरच दमतो, आणि त्याच्या सोबतीला संतू नावाचा किशोर पुतण्या असतो. पण अपंगत्व तिथे काकाच्या वाट्याला आले आहे. किशोर मात्र धडधाकटच.

2003 साली मार्क हॅडन ह्यांची ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि हा सगळा हिशेब पालटला. इंग्लंडमधल्या स्विंडन गावात राहणारा पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर बून मध्यरात्रीनंतर सात मिनिटांनी शेजारणीच्या अंगणात जातो, तो तिथे तिचा वेलिंग्टन नावाचा कुत्रा बागकामाच्या पंजाने भोसकलेला आढळतो. पोलीस शिपाई येतो, त्याला प्रश्नांमागून प्रश्न विचारतो, अखेर दंडाला धरून उठवू पाहतो. परस्पर्श सहन न होणारा ख्रिस्तोफर त्याला ठोसा देतो आणि चौकीत जमा होतो. त्यानंतर तो त्या कुत्र्याच्या खुनाचा तपास स्वतः हाती घेतो आणि त्याची हकीकत लिहू लागतो. प्रकरणांचे आकडे तो एक, दोन, तीन असे न घालता मूळ संख्यांनी घालतो, कारण त्या त्याला आवडतात. पुस्तकाचे नाव शेरलॉक होम्सच्या 1892 सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ ह्या कथेतून घेतलेले आहे. त्या कथेत रात्री तबेल्यातून घोडा नेला जातो, पण राखणीचा कुत्रा भुंकत नाही, आणि न घडलेल्या त्या गोष्टीवरूनच होम्स गुन्हेगार ओळखतो. हॅडन ह्यांच्या कादंबरीला व्हिटब्रेड पारितोषिक मिळाले, 2012 साली तिचे नाट्यरूप लंडनच्या नॅशनल थिएटरच्या रंगमंचावर आले. आणि स्वमग्न वाचकांपैकी कित्येकांनी तिच्यावर टीकाही केली, की गणितात पारंगत आणि भावनांत कोरा, असा एकच साचा तिने लोकांच्या मनात पक्का केला. टीका रास्त आहे. कादंबरीच्या मजकुरात मात्र ख्रिस्तोफरच्या अवस्थेचे वैद्यकीय नाव कुठेही येत नाही, ही हॅडन ह्यांची शहाणीव मला मोलाची वाटते.

सिओभान डाउड ह्यांच्या 2007 सालच्या ‘द लंडन आय मिस्टरी’तही तेच पथ्य पाळलेले आहे. तिथला टेड बारा वर्षांचा, हवामानशास्त्राचा नादी. त्याचा मावसभाऊ सलीम लंडनच्या त्या प्रचंड आकाशपाळण्याच्या एका बंद पेटीत 11 वाजून 32 मिनिटांनी चढतो, अर्ध्या तासाचा फेरा पुरा होऊन पेटी खाली येते, सारे उतारू उतरतात, आणि त्यांत सलीम नसतो. मोठी माणसे रडतात, एकमेकांवर दोषारोप करतात, पोलिसांना बोलावतात. टेड मात्र संभाव्य उपपत्त्यांची यादी करून एकेक खोडत जातो. उलगडा मी इथे सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट फोडणाऱ्याला कोणत्या नरकात टाकतात हे गरुडपुराणात दिलेले नसले, तरी जोखीम कशाला घ्यावी? सांगायचे एवढेच, की टेडला तो उलगडा होतो त्याचे कारण त्याच्या अंगी काही अमानुष शक्ती आहे हे नसून, बाकीचे ज्या गृहीतावर उभे आहेत ते गृहीत त्याने कधी धरलेलेच नाही, हे आहे. आणि उलगडा झाल्यावर त्याच्यापुढची खरी अडचण सुरू होते: त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला घरात कुणाला सवड नसते.

मला ह्या सगळ्या प्रकरणाचे मर्म इथेच दिसते. विशेष गरजा असलेले मूल रहस्यकथेला उपयोगी पडते ते त्याच्या ‘देणगी’मुळे नव्हे, तर ज्याच्या देखत लोक बिनदिक्कत बोलतात, ज्याच्यासमोर काही लपवण्याची कुणाला गरज वाटत नाही, आणि घटना घडल्यावर ज्याची जबानी घ्यावी असे कुणाच्याही मनात येत नाही, असा साक्षीदार त्या कथेला दुसरा मिळत नाही म्हणून. इतर पात्रे त्याला वगळतात, आणि वाचकही त्यांच्याबरोबर त्याला वगळून मोकळा होतो. रहस्य राखण्याचे ह्याहून सोपे आणि ह्याहून लाजिरवाणे साधन नाही.

कायद्याने त्याला वगळलेले नाही, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. 1872 च्या पुरावा कायद्याचे 118 वे कलम असे, की विचारलेला प्रश्न समजून त्याचे सयुक्तिक उत्तर देणे कोवळ्या वयामुळे, वार्धक्यामुळे किंवा शरीराच्या वा मनाच्या विकारामुळे अशक्य आहे असे न्यायालयाला वाटले तरच साक्षीदार अपात्र. एरवी सारे पात्र. त्यापुढचे 119 वे कलम तर रहस्यकथाकाराने तोंडपाठ करावे असे आहे: ज्याला बोलता येत नाही, त्याने भर न्यायालयात लिहून किंवा खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच समजावी. 2013 च्या दुरुस्तीने त्यात दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेण्याची आणि अशा जबानीचे चलच्चित्रण करण्याची तरतूद आली. आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच कलमे 124 आणि 125 ह्या क्रमांकांनी नांदत आहेत. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याची चाल मात्र संथ होती. 1995 च्या अधिनियमात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. 2016 च्या अधिनियमात ते 21 झाले, तेव्हा स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता ह्यांना त्या यादीत जागा मिळाली. म्हणजे ब्रिटिश अमदानीतला साक्षीपुराव्याचा कायदा ज्या मुलाला पिंजऱ्यात उभे राहू देत होता, त्याला आपल्या हक्कविषयक कायद्याने नावानिशी ओळखायला सुमारे दीडशे वर्षे घेतली.

आता पुण्यात अशी कथा रचायची तर ती कशी रचता येईल, हे जरा तपशिलाने पाहू. कारण घाट समजावून घ्यायचा तर तो एकदा स्वतः वळून पाहावा लागतो. लक्ष्मी रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात जुना वाडा आहे. वाड्याच्या पुनर्बांधणीची बोलणी चालू आहेत, आणि मालकी नेमकी कुणाची, हे ज्यांवर ठरायचे ते मोडी कागद माडीवरच्या एका पेटाऱ्यात, लाल फडक्याच्या रुमालात बांधलेले आहेत. अनंत चतुर्दशीचा दिवस. मानाचे गणपती, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, ह्या ठरल्या क्रमाने रस्त्यावरून जात आहेत. मिरवणूक 24 तासांहून अधिक वेळ चालायची, तेव्हा सारा वाडा आळीपाळीने रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहतो आहे. माजघरात एकटा राहिला आहे तो चौदा वर्षांचा मुलगा, ज्याला ढोल-ताशांचा आवाज सोसत नाही, अंगावर कुणी उकळते पाणी ओतावे तसा तो त्याला वाटतो. तो बोलत नाही, लिहितो. शाळेतल्या बाईंनी त्याला एक युक्ती शिकवली आहे: आवाज सुरू झाला की कानांवर जाड पट्टा चढवायचा, वहीत वेळ टिपायची, थांबला की पट्टा काढून पुन्हा वेळ टिपायची. एवढ्याने आवाज कमी होत नाही, पण तो कधी तरी संपतो ह्याचा लेखी पुरावा हाताशी राहतो. सकाळपासूनच्या नोंदींनी वहीची तीन पाने भरली आहेत.

वाड्यातल्या वृद्ध आत्याबाई चार वाजता माडीवरून खाली उतरून रस्त्यावर गेल्या, तेव्हा पेटारा जागच्या जागी आणि कुलूपबंद होता. चष्मा विसरला म्हणून सव्वाचारला परत आल्या, तो पेटारा उघडा, कुलूप तुटून खाली पडलेले, रुमाल नाहीसा. फरासखाना चौकीतून हवालदार येतो, पंचनामा होतो. तळमजल्यावर राहणारे एक प्रतिष्ठित आप्त जबानी देतात, की त्या पाव तासात आपण आपल्या खोलीतच चहा घेत होतो, पण ढोलांच्या गदारोळात वर कुणी कुलूप फोडले तरी ऐकू कसे येणार? जबानी सगळ्यांना पटते. त्या दिवशी त्या रस्त्यावर कुणाला काय ऐकू येणार होते? हवालदार मुलाकडे पाहतो आणि त्याच्या आईला म्हणतो, “ताई, ह्याला काय विचारायचं?” आई मान हलवते. ती वाईट नाही, दमलेली आहे.

मुलाच्या वहीत नोंद आहे: 3.56 थांबला, 4.19 सुरू. दोन पथकांच्या मध्ये पडलेले अंतर ज्यांनी ही मिरवणूक पाहिली आहे त्यांना अपरिचित नाही. पुढचे मंडळ चौकात अडकून राहते आणि रस्ता अचानक मोकळा होतो. त्या तेवीस मिनिटांत मुलाच्या कानांवर पट्टा नव्हता, आणि माडीवर कुलूप फोडल्याचा आवाज झाला नाही. आप्तांनी सांगितलेला गदारोळ त्या वेळी नव्हताच, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट तिच्याहून बारीक. आवाज झाला नाही, त्या अर्थी पेटाऱ्याचे कुलूप फोडलेच गेले नाही, किल्लीने उघडले गेले. मग खाली पडलेले तुटके कुलूप कुठले? मुलगा माडीवर जातो, कुलूप उचलून पाहतो. ताजे मोडलेले लोखंड चकचकते. ह्याच्या मोडलेल्या कडेवर गंज चढलेला आहे. कुणीतरी जुनेच तुटके कुलूप आणून तिथे टाकले, आणि खरे कुलूप खिशात घालून नेले. पेटाऱ्याच्या किल्ल्या दोनच, आणि त्यांतली एक कुणाकडे असते हे वाड्यात सर्वांना ठाऊक आहे.

ह्या जुळणीत मुलाचे कान इतरांहून तीक्ष्ण नाहीत, स्मरणशक्ती अचाट नाही, आणि गणिताशी त्याचा संबंध घड्याळापुरता आहे. वही त्याने तपासासाठी ठेवलेली नव्हती. ती त्याच्या दुखण्याची नोंदवही होती. वाचकाला ती पहिल्याच प्रकरणात, उघड्यावर, वेळांसकट दाखवायची, आणि वाचकाने ती ‘बिचारा!’ एवढे म्हणून ओलांडून जायची. पुढे तीच वही जेव्हा पुरावा म्हणून येईल, तेव्हा लेखकाने फसवले असे म्हणण्याची त्याला सोय राहत नाही. राहता राहिला प्रश्न निवेदनाचा. मुलगा बोलत नाही, पण लिहितो, तेव्हा हकीकत त्याच्याच हातची असावी असे मला वाटते. फेण्याच्या कथांतला तो खट्याळ, वाचकाशी गप्पा मारणारा निवेदक इथे चालायचा नाही. त्याच्या विनोदाला ह्या मुलाच्या खोलीत आवाज फार होईल. वाक्ये छोटी हवीत, वेळा नेमक्या हव्यात, आणि माणसांच्या चेहऱ्यांऐवजी त्यांच्या हातांचे, चपलांचे, किल्ल्यांच्या जुडग्यांचे वर्णन हवे, कारण तो बघतो ते तिकडे. कनवाळू शिक्षिकेने शेवटी येऊन सगळे समजावून सांगावे, हा मोह आवरता आला पाहिजे. शिक्षिका यावी ती कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे, जबानीच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर बसायला; बोलायला नव्हे.

आणि शेवटाची एक अडचण उरते, जिचा विचार कथाकाराने आधीच करून ठेवावा. रुमाल सापडतो, वाडा वाचतो किंवा पडतो, ते काहीही होवो. पण पुण्यात पराक्रम झाला म्हणजे सत्कार व्हायचाच. बोळातल्या मंडळाचे कार्यकर्ते घरी येणार, पुढच्या रविवारी कार्यक्रम ठरवणार, शाल, नारळ, प्रमुख पाहुणे, आणि स्वागताला चाळीस ढोलांचे पथक. अशा वेळी आईने दारातच उभे राहून, “तुमचं कौतुक पोचलं, पण ढोल आणणार असाल तर तो येणार नाही,” असे सांगावे. कार्यकर्त्यांनी थोडे खट्टू होऊन, शाल आणि नारळ तेवढे हातात देऊन परत जावे. आणि मुलाने ते परत जाण्याची वेळ वहीत टिपावी.